पेन लिहिणाऱ्याच्याच हातात : महाविद्यालयात लेखन केंद्र कसं चालवावं आणि त्याचा उपयोग कसा करून घ्यावा

बीएच्या तिसऱ्या वर्षाची एक मुलगी प्रकल्पाची बावीस पानं घेऊन समोर बसली होती. विषय होता 'सोलापुरातील विडी कामगार महिलांचे आर्थिक प्रश्न'. पहिलं वाक्य, 'प्राचीन काळापासून भारत हा कृषिप्रधान देश आहे.' दुसऱ्या पानावर उद्योगाच्या व्याख्या, तिसऱ्यावर जिल्ह्याचं क्षेत्रफळ आणि अकरा तालुक्यांची नावं. 'विडी' हा शब्द यायला सहावं पान उजाडलं.

पूर्वी मी लगेच लाल पेन उघडून ऱ्हस्व-दीर्घ सुधारत बसले असते. बरीच वर्षं मी तेच केलं. मुलं माझ्या दुरुस्त्या जशाच्या तशा उतरवून काढायची आणि पुढच्या निबंधात त्याच चुका घेऊन परत यायची. पान सुधारायचं, मूल होतं तिथंच राहायचं. त्या दिवशी मी फाइल मिटली आणि विचारलं, "घरी विड्या कोण करतं?"

"मम्मी करते मॅडम. आजीपण करायची."

"हजार विड्यांना किती वेळ लागतो?"

मग ती बोलायला लागली. कुंभारीच्या विडी घरकुलात सकाळी पाणी भरून झालं की पानं भिजवायची, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, मऊ पडली की मापाला लावून कात्रीनं कापायची. मग तंबाखू भरणं, वळणं, दोरा बांधणं, तोंड मुडपणं. स्वयंपाक-पाणी सांभाळून हजार पुऱ्या व्हायला रात्रीचे नऊ वाजतात. मोजून देताना खराब म्हणून काही विड्या बाजूला काढल्या जातात, त्यांची मजुरी मिळत नाही. पानं फाटकी आली तर हजाराचा आकडा भरत नाही, मग कमी पडलेली पानं स्वतःच्या पैशानं आणायची. हे सगळं ती सलग बारा मिनिटं सांगत होती आणि मी तिचेच शब्द कागदावर उतरवत होते. शेवटी कागद तिच्याकडे सरकवला आणि म्हटलं, "हे तुझं पहिलं पान."

तिनं विचारलं, "असं लिहिलेलं चालतं?"

लेखन केंद्राची गरज का आहे, ते या एका प्रश्नात आलं. आपल्याला जे माहीत आहे ते लिहिण्याच्या लायकीचं आहे, याचीच आपल्या मुलांना खात्री नसते. म्हणून ती पुस्तकातली, गाइडमधली, दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडची वाक्यं आणून मांडतात.

केंद्र म्हणजे काय

अमेरिकेतल्या विद्यापीठांत ही पद्धत बरीच जुनी आहे. आयोवा विद्यापीठात १९३० च्या दशकातच लेखनाची प्रयोगशाळा चालत होती. पर्ड्यू विद्यापीठात म्युरिएल हॅरिस यांनी १९७६ मध्ये असंच केंद्र सुरू केलं. पुढे त्याच केंद्रानं आपली माहितीपत्रकं इंटरनेटवर खुली केली आणि ती आज जगभरचे विद्यार्थी वापरतात. १९८४ मध्ये स्टीफन नॉर्थ यांनी एका लेखात या कामाचं सूत्र मांडलं. केंद्रानं लेख सुधारून देण्याच्या मागे लागू नये, लिहिणारा माणूस घडवावा, असा त्याचा आशय आहे. पुढे काही ठिकाणी बोलण्याची तयारीही याच छताखाली आली. स्टॅनफर्डच्या केंद्राच्या नावातच लेखन आणि वक्तृत्व दोन्ही आहेत. आपल्याकडे हरियाणातल्या अशोका विद्यापीठात असं केंद्र आहे.

सगळीकडे काम साधारण एकाच रीतीनं चालतं. विद्यार्थी वेळ ठरवून येतो, अर्धा ते एक तास एका मदतनिसाबरोबर बसतो, स्वतःचं लिखाण स्वतः वाचतो, त्यावर बोलतो आणि पुढे काय करायचं ते ठरवून उठतो. गुण कुणी देत नाही. शिक्षकाला चुगली जात नाही. आणि त्याच्या कागदावर दुसरं कुणी लिहीत नाही.

आपलं सोलापूरचं विद्यापीठ २००४ मध्ये एका जिल्ह्यापुरतं स्थापन झालं. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंतची मुलं त्यात शिकतात, आणि त्यांतल्या कितीतरी मुलांच्या घरी तेलुगू, कन्नड किंवा दखनी बोलली जाते. मोठी इमारत आणि वेगळा निधी मिळेपर्यंत थांबायचं कारण नाही. एक टेबल, तीन खुर्च्या आणि एक नोंदवही एवढ्यावर काम सुरू होतं. आमचं तसंच झालं.

जागा, वेळ आणि माणसं

टेबल ग्रंथालयात ठेवा, स्टाफरूममध्ये कधीच नको. स्टाफरूमच्या दारात मूल आलं की त्याला आपण काहीतरी चूक करून आलोय असं वाटतं. ग्रंथालयात बोलायला मनाई असते, म्हणून नियतकालिकांच्या बाजूचा कोपरा किंवा बाहेरचा व्हरांडा मागून घ्या. ग्रंथपालांना आधी विश्वासात घ्या, कारण पुढची निम्मी कामं त्यांच्यामुळेच होणार आहेत.

वेळ ठरवताना एसटीचं वेळापत्रक समोर ठेवा. मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोटची मुलं तास संपले की स्टँडकडे धावतात. संध्याकाळी पाचची वेळ ठेवलीत तर फक्त शहरातली मुलं येतील. बारा ते दोन ही वेळ आम्हाला लागू पडली. मार्चनंतर उन्हाचा कडाका वाढला की आम्ही सकाळी आठ ते दहा बसतो. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते तेव्हा टेबलाकडे कुणी फिरकत नाही. ते दिवस मदतनिसांच्या सरावासाठी ठेवावेत.

मदतनीस म्हणून शिक्षक बसलेच पाहिजेत असं नाही. उलट वरच्या वर्गातली मुलं जास्त उपयोगी पडतात. शिक्षकासमोर मूल 'हो मॅडम, समजलं' म्हणतं आणि उठून जातं. दोन वर्षं पुढे असलेल्या ताईसमोर 'हे मला कळलंच नाही गं' असं सहज म्हणतं. निवड करताना गुणपत्रिका पाहू नका. पहिल्या आलेल्या मुलाला बरेचदा दुसऱ्याचं वाक्य पुरं होईपर्यंत धीर धरवत नाही. वर्गात कोण शांतपणे ऐकून घेतं, कोणाभोवती परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलं जमतात, ते पाहा. मराठी, इंग्रजी, वाणिज्य, विज्ञान असे वेगवेगळ्या विषयांतले पाच-सहा जण पुरेत. त्यांतला किमान एक तेलुगू आणि एक कन्नड बोलणारा असावा.

त्यांना तयार करायला चार बैठका लागतात. एक सराव मी सगळ्यांकडून करून घेते. दोघांनी समोरासमोर बसायचं, एकानं आपलं लिखाण वाचायचं आणि दुसऱ्यानं दहा मिनिटं फक्त प्रश्न विचारायचे. विधान करायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. 'इथं उदाहरण टाक' हे बाद. 'इथं तुझ्या डोळ्यासमोर कोण होतं?' हे चालेल. पहिल्या खेपेला तीन मिनिटांच्या पुढे कुणालाच हे जमत नाही. सांगायची इतकी सवय आपल्या अंगात मुरलेली असते.

बैठकीची पहिली पाच मिनिटं

मूल आलं की आधी नाव, वर्ग, गाव विचारा, पाणी द्या. मग तीन गोष्टी विचारून घ्या. शिक्षकांनी नेमकं काय करायला सांगितलंय? हे कोण वाचणार आहे? आज इथून उठताना तुला काय हवंय?

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. 'चर्चा करा', 'तुलना करा', 'थोडक्यात लिहा' या तीन सूचनांना मुलं एकच उत्तर लिहितात. सूचना मुलालाच मोठ्यानं वाचायला लावा आणि त्यातल्या क्रियापदाखाली रेघ मारायला सांगा. तुलना म्हटलं असेल तर दोन गोष्टी शेजारी यायला हव्यात. आधी एकीची तीन पानं आणि मग दुसरीची तीन पानं, ही तुलना झाली नाही. कितीतरी बैठका या एका ठिकाणीच मार्गी लागतात.

कधी द्यायचंय हेही विचारा. उद्या द्यायचं असेल तर एकच गोष्ट हाती घ्या. आठवडा असेल तर दोन बैठका ठरवा.

आणि मदतनिसाचं पेन खिशात राहू द्या. मोबाइलवर लिखाण असेल तर मोबाइलही मुलाच्याच हातात. हा आमच्या टेबलाचा एकमेव कडक नियम आहे. सुरुवातीला सांगितलेल्या मुलीचं बोलणं मी उतरवून घेतलं, पण ते वेगळ्या कागदावर आणि तिच्याच शब्दांत. तिच्या बावीस पानांवर माझी एक रेघही नव्हती.

मोठ्यानं वाचणं

आता मुलाला त्याचं लिखाण मोठ्यानं वाचायला सांगा. लाजतात, घाईघाईनं वाचतात, हरकत नाही. 'सावकाश वाच, मला ऐकायचंय' म्हणा आणि त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा. कागद चाळू नका.

वाचताना तीन जागा हमखास कळतात. जिथं मूल अडखळतं, तिथं वाक्य लांबलेलं असतं किंवा कर्ता हरवलेला असतो. जिथं ते कागदावर नसलेला शब्द आपोआप घालून वाचतं, तिथं तो शब्द लिहायचा राहून गेलेला असतो. आणि जिथं आवाज एकदम सपाट होतो, तिथलं वाक्य उसनं असतं. तिथं मी एवढंच विचारते, "हे तुझ्या भावाला कसं सांगशील?" उत्तर आलं की म्हणते, "लिही."

काही मुलं वाचायला फार बिचकतात. त्यांचं लिखाण मदतनिसानं वाचावं, पण जसं आहे तसं, चुकीसकट. मनातल्या मनात दुरुस्त करून वाचलं तर मुलाला चूक ऐकूच येत नाही.

आधी भिंती, मग रंग

अनुभव नसलेला मदतनीस पहिल्याच ओळीतल्या वेलांटीवर बोट ठेवतो. तो परिच्छेदच पुढे काढून टाकायचा असेल तर त्यातली वेलांटी सुधारून उपयोग काय? म्हणून क्रम पाळा. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे का, मुख्य म्हणणं कुठं आहे, परिच्छेदांची मांडणी नीट लागली आहे का, म्हणण्याला आधार आहे का, आणि मग वाक्यं, आणि सगळ्यात शेवटी शुद्धलेखन.

मांडणी तपासायची एक सोपी रीत आहे. प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात चार शब्दांत तो काय सांगतो ते मुलानं लिहायचं, आणि मग फक्त समास वाचायचा. वाणिज्य शाखेच्या एका मुलानं चादरीच्या व्यवसायावर अहवाल आणला होता. नऊ परिच्छेद होते. त्यानं समासात लिहिलं ते असं : 'चादर प्रसिद्ध आहे', 'मानांकन मिळालं', 'चादर प्रसिद्ध आहे', 'माग किती जुने', 'सुताचे भाव', 'चादर टिकाऊ असते', 'कामगार कमी झाले', 'चादर प्रसिद्ध आहे', 'उपाय'. वाचून तोच म्हणाला, "तीनदा तेच सांगितलंय की." मग त्यानं स्वतःच ठरवलं की सुताचे भाव आणि कमी झालेले कामगार हाच त्याचा खरा विषय. त्याचे काका यंत्रमागावर होते आणि कामगार काम का सोडतात हे त्यानं घरात रोज ऐकलेलं होतं. प्रसिद्धीचे तीन परिच्छेद गेले, काकांशी बोलून लिहिलेलं दीड पान आलं. मी त्याला एकही उपाय सुचवला नव्हता.

चुकांमधली पद्धत ओळखा

शुद्धलेखनावर आलात की पानभर चुका मोजत बसू नका. चुका दिसतात चाळीस, पण त्यांची मुळं तीन-चारच असतात. एका बैठकीत एकच मूळ धरा.

सोलापुरात या बाबतीत जरा जास्त समज हवी. तेलुगूत एकवचनी क्रियापदाचं एक रूप पुरुषासाठी आणि दुसरं बाई, जनावर, वस्तू या सगळ्यांसाठी असतं. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सरसकट नपुंसकलिंगी. अशा घरात वाढलेल्या मुलाला 'तो दरवाजा, ती खिडकी, ते दार' हे कुठल्याही तर्कानं सापडत नाही. ते एकेक करून पाठच करावं लागतं. त्याला निष्काळजी म्हणणं अन्याय आहे. आम्ही अशा मुलांना खिशातली छोटी वही ठेवायला सांगतो. नवं नाम भेटलं की नुसतं लिहायचं नाही, 'माझा', 'माझी' किंवा 'माझं' लावून लिहायचं : माझी सही, माझं पत्र, माझा अर्ज. महिन्याभरात कानाला वळण पडतं.

दुसरं मूळ क्रियापद कुणाप्रमाणे बदलतं याचं. 'मी भाकरी खाल्लो', 'मी सरांना सांगितलो' हे आपल्या शहराचं बोलणं आहे आणि ते कानाला गोड लागतं. या बोलीला गावंढळ म्हणणाऱ्याला मी टेबलावर बसू देत नाही. मुलाला एवढंच दाखवायचं की बोलीत क्रियापद 'मी'च्या मागे जातं आणि प्रमाण लेखनात ते भाकरीच्या मागे जातं : मी भाकरी खाल्ली, मी भात खाल्ला. दोन्ही वाक्यं शेजारी लिहायला सांगा, फरक मुलालाच शोधू द्या. मित्राला 'काय करालास बे' म्हणायचं आणि अर्जात 'आपण काय करत आहात' लिहायचं, ही दोन ठिकाणांसाठीची दोन कौशल्यं आहेत. एक शिकताना दुसरं टाकावं लागत नाही.

तिसरं मूळ सगळ्याच मराठी मुलांचं, ऱ्हस्व-दीर्घ. साहित्य महामंडळाच्या नियमांचा तक्ता भिंतीवर लावा, पण तो पाठ करायला सांगू नका. आपल्या गावच्या एका शब्दावरून एक नियम पक्का बसतो. 'सूत' दीर्घ, पण प्रत्यय लागला की 'सुताचा', 'सुताला' ऱ्हस्व. तसंच 'फूल, फुलाला', 'मूल, मुलाला', 'वीट, विटेला', 'गरीब, गरिबाला'. हा नियम संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांना लागत नाही, म्हणून 'रूप'चं 'रूपाला'च. मुलाला स्वतःच्या दोन पानांत असे शब्द शोधून गोल करायला सांगा. वीस मिनिटांत त्याचं काम होतं आणि पुन्हा त्याला विचारायला यावं लागत नाही.

'केलं' लिहू की 'केले', हा प्रश्न दर आठवड्याला येतो. प्रबंध, अहवाल, अर्ज यांत 'केले'. भाषण, संवाद, अनौपचारिक लेख यांत 'केलं' चालतं. एका लिखाणात दोन्हींची सरमिसळ नको.

आणखी एक. विषय अवघड असेल आणि पेन अडकलं असेल, तर मुलाला आधी घरच्या भाषेत बोलू द्या. तेलुगू येणारा मदतनीस याचसाठी हवा. एमएस्सीच्या एका मुलीनं आपला प्रयोग आधी तेलुगूत समजावला, मग मराठीत आणि शेवटी इंग्रजीत लिहिला. तिसऱ्या वेळी वाक्यं आखूड झाली होती आणि क्रम चुकला नव्हता. तिला इंग्रजी कमी येत होतं हे खरं, पण अडचण तिथं नव्हती. प्रयोग तिनं तोवर कुणाला तोंडी सांगितलाच नव्हता.

बोलण्याची बैठक

वक्तृत्व स्पर्धा, सेमिनार, तोंडी परीक्षा, नोकरीची मुलाखत, सगळ्यांसाठी मुलं येतात. इथंही क्रम तोच. आधी काय सांगायचंय, मग कसं.

१२ जानेवारीच्या हुतात्मा दिनाच्या भाषणासाठी एक मुलगा आला होता. सोलापुरातल्या १९३० च्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली, हे त्याला तोंडपाठ होतं. भाषण मात्र 'अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजन वर्ग' इथून सुरू होऊन 'थोर', 'तेजस्वी', 'महान' यांतून पुढे सरकतच नव्हतं. आमच्या मदतनीस मुलीनं त्याला विचारलं, "तू चार पुतळ्यांसमोरून रोज जातोस ना? चौघांची आडनावं सलग म्हण."

"धनशेट्टी, हुसेन, सारडा, शिंदे."

"ऐकताना काय वाटलं?"

तो थोडा थांबला. "चौघं चार वेगळ्या गल्ल्यांतले वाटतात."

"मग सुरुवात इथूनच का करत नाहीस?"

त्यानं भाषण तिथूनच सुरू केलं. आधी फक्त चार आडनावं, प्रत्येक नावानंतर एक श्वास, आणि मग 'चार गल्ल्यांतले चौघे एका पहाटे एकत्र गेले'. सभागृह पहिल्या दहा सेकंदांत गप्प झालं.

तालमीची रीत सांगते. बोलताना मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे पाच मिनिटांचं भाषण पाच-सहाशे शब्दांत बसवावं. पूर्ण लिहा, पण पाठ करू नका. पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पक्कं करा, मधल्या मुद्द्यांसाठी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच शब्द लिहा. मग उभं राहून बोला. बसून केलेली तालीम उभं राहिल्यावर उपयोगी पडत नाही, श्वास वेगळा लागतो. मदतनिसानं व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभं राहावं आणि ऐकू आलं नाही की हात वर करावा. यानं आवाज आपोआप सुधारतो, 'मोठ्यानं बोल' असं सांगावं लागत नाही.

मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा आणि मुलाला एकट्याला ऐकू द्या. 'म्हणजे', 'बेसिकली', 'तर मग' किती वेळा आलं ते त्यानंच कागदावर रेघा ओढून मोजावं. दुसऱ्या तालमीत तो शब्द तोंडावर आला की तिथं गप्प राहायचं. बोलणाऱ्याला तो विराम युगासारखा वाटतो, पण ऐकणाऱ्याला तेवढ्यात आधीचं वाक्य पोचतं. तीन तालमी पुरे. चौथीला भाषण शिळं व्हायला लागतं.

मुलाखतीत 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की मुलं जन्मतारखेपासून सुरुवात करतात. त्यांना विचारा, गेल्या वर्षात हातानं काय केलंस? बार्शीच्या एका मुलानं गॅरेजमध्ये सुट्टीत काम केलेलं लपवून ठेवलं होतं. त्यानं तेच आधी सांगितलं. तोंडी परीक्षेत उत्तर येत नसेल तर 'हे मी वाचलेलं नाही, पण माझ्या नमुन्यात मला असं दिसलं' हे वाक्य सरावाचं करून घ्या. खरं बोलण्याचाही सराव लागतो.

संशोधन, स्पर्धा परीक्षा आणि चॅटजीपीटी

पीएचडीचे विद्यार्थी बहुतेक मजकुराच्या उसनवारीच्या, म्हणजे वाङ्मयचौर्याच्या, धास्तीनं येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून द्यावा लागतो. ४० ते ६० असेल तर एक वर्ष प्रबंध सादर करता येत नाही आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द होते. टक्का खाली आणायला शब्द फिरवून लिहिणाऱ्यांना आम्ही मदत करत नाही. मूळ मजकूर वाचा, मिटा, पाणी पिऊन या आणि न बघता आपल्या शब्दांत लिहा. शेजारी कुठून घेतलं ते त्याच क्षणी टिपा. नंतर ते कधीच सापडत नाही.

राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाल्यावर अभ्यासिकेतली मुलंही येऊ लागली. त्यांना ज्ञान भरपूर असतं, पण पर्यायांवर खुणा करून करून वाक्य लिहायची सवय मोडलेली असते. रोज एका प्रश्नाचं दीडशे शब्दांत उत्तर, घड्याळ लावून आणि हातानं. दुसरा उपाय मला माहीत नाही.

चॅटजीपीटीनं लिहिलेलं कुणी आणलं तर आम्ही हाकलत नाही. कागद पालथा घालतो आणि त्यातली कुठलीही तीन वाक्यं समजावून सांगायला सांगतो. सांगता आली तर पुढे बोलू. नाही आली तर ते लिखाण अजून त्या मुलाचं झालेलं नाही, हे त्यालाच कळतं आणि बहुतेक जण स्वतःच नवा कागद मागतात.

येणाऱ्यानं काय करावं

द्यायच्या आदल्या रात्री येऊ नका, तीन दिवस आधी या. अर्धवट असलं तरी चालतं, नुसते मुद्दे असले तरी चालतात. शिक्षकांनी आधीच्या कामावर लिहिलेले शेरे सोबत आणा. 'जरा चेक करून द्या' म्हणण्यापेक्षा 'तिसरं पान मला जमत नाहीये' म्हणा, तासाचं चीज होईल. उठण्याआधी घरी जाऊन पहिलं काय करणार ते एका ओळीत लिहा आणि मदतनिसाला वाचून दाखवा.

नोंदवही

प्रत्येक बैठकीनंतर चार रकाने भरायचे : तारीख, वर्ग, काय घेऊन आला, काय ठरवून गेला. चुका लिहायच्या नाहीत, गुण लिहायचे नाहीत, आणि कुठल्याही प्राध्यापकांनी मागितली तरी वही दाखवायची नाही. वर्षाच्या शेवटी प्राचार्यांना फक्त आकडे द्यावेत. किती बैठका झाल्या, कुठल्या वर्गाच्या, किती जण दुसऱ्यांदा आले. दुसऱ्यांदा येणाऱ्यांचा आकडा नीट पाहा. एकदा येऊन गेलेलं मूल परत येत नसेल तर बहुतेक वेळा कुणीतरी त्याचं पेन हातात घेतलेलं असतं.

वही एप्रिलमध्ये पुढच्या तुकडीकडे सोपवावी, जूनपर्यंत थांबू नये, कारण जुनी मुलं परीक्षा झाली की गावी जातात. यंदा वही त्या विडी घरकुलातल्या मुलीनं घेतली. तिच्या प्रकल्पाचं शीर्षक आता 'हजार विड्यांचा दिवस' असं आहे. पहिल्याच दिवशी प्रथम वर्षाचा एक मुलगा तिच्यासमोर आठ पानं ठेवून म्हणाला, "ताई, एवढं सुधारून द्या." तिनं कागद त्याच्याकडे फिरवला आणि म्हणाली, "आधी वाचून दाखव. सावकाश."